मेणबत्तीचा साचा आणि पोलादाची लगड

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. व्यापारपेठ म्हणून हे शहर जुने. १ मे १९८१ रोजी ते नव्या जिल्ह्याचे ठिकाण झाले. बियाण्यांबरोबरच आज ते ओळखले जाते पोलादासाठी. येथील औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड विजेच्या भट्ट्यांत वितळवतात, साच्यांत ओततात आणि त्यापासून बांधकामाच्या सळ्या लाटतात.

याच शहरात, आणि महाराष्ट्रातील इतर कोणत्याही शहरात, दुसरे एक ओतकामही चालते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला, किंवा घरगुती उद्योग म्हणून एखाद्या मागच्या खोलीत, ॲल्युमिनियमच्या साच्यात दोरा ओढून पातळ मेण ओतले जाते. थोड्या वेळाने साचा उघडला की आत मेणबत्त्या तयार असतात. एका ठिकाणी तापमान सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसऱ्या ठिकाणी ऐंशी. एका ठिकाणी टनांचा हिशेब, दुसऱ्या ठिकाणी किलोचा. तरीही दोन्हीकडे ओतणाऱ्याला पडणारे प्रश्न तेच आहेत. साच्यातून वस्तू सुटेल का? मधोमध खळगा पडेल का? कण बारीक होतील की भरड?

घरी मेणबत्त्या करू पाहणारा माणूस बाजारात साचा पाहतो तेव्हा तो आधी आकार पाहतो : गुलाब, गणपती, तारा, साधी दांडी. साच्याच्या इतिहासाने मात्र आकाराला कधी फारसे महत्त्व दिलेले नाही. तो इतिहास एका वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरतो : आत ओतलेला पदार्थ बाहेर यायला राजी आहे का? हा प्रश्न मेणबत्ती करणाऱ्यांनी कसा सोडवला आणि पोलाद ओतणाऱ्यांनी त्यांच्याकडून काय घेतले, ते या लेखात पाहू.

साच्याला न जुमानणारे मेण

मेणबत्तीला 'मेण' बत्ती म्हणतात खरे, पण अस्सल मेण म्हणजे मधमाशांचे मेण हे साच्याच्या दृष्टीने फार हट्टी द्रव्य आहे. ते सुमारे ६२ ते ६५ अंशांना वितळते. थंड होताना ते आकसते, पण चिकट असल्यामुळे साच्याची भिंत सहजासहजी सोडत नाही. ओढून काढायला जावे तर तुटते. म्हणून युरोपातील चर्चसाठी लागणाऱ्या मेणाच्या बत्त्या शतकानुशतके साच्याविना होत. वाती एका कड्याला टांगायच्या, त्यांच्यावर पळीने पुन्हा पुन्हा पातळ मेण सोडायचे, आणि जाडी पुरेशी झाली की गुळगुळीत पाटावर लाटून त्यांना गोलाई आणायची, अशी ती रीत होती.

याच मेणाने दुसऱ्या एका ओतकामात मात्र अगदी उलट भूमिका बजावली. येथे मेण साच्यात ओतत नाहीत. मेणाभोवती साचा घडवतात. मूर्तीची मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, वाळल्यावर तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत धातूचा रस ओतायचा. मूर्तिकार आणि ओतारी कारागिरांची ही पद्धत संस्कृतात मधूच्छिष्ट-विधान या नावाने ओळखली जाते. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले, म्हणजेच मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आहे. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या सीमेपासून ते दूर नाही.

या वर्णनातील एक गोष्ट शिक्षकांना विशेष उपयोगी पडेल. धातू किती घ्यावा हे मेणाच्या वजनावरून ठरवायला ग्रंथ सांगतो : रुपे मेणाच्या बारापट, सोने सोळापट. हे गणित अर्थातच घनतेचे आहे. मेणाची घनता ०.९६ आणि रुप्याची १०.५ धरली, तर गुणोत्तर सुमारे ११ येते. ओतताना थोडा रस वाया जाणार हे धरून बारा हा आकडा अगदी व्यवहार्य ठरतो. शुद्ध सोन्याला मात्र हे गुणोत्तर सुमारे २० येते, म्हणजे सोळापट कमी पडेल. १८ कॅरट सोन्याची घनता साधारण १५.५ असते; तिला गुणोत्तर १६ येते. घनतेचा धडा शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडले, तर विद्यार्थी सूत्राऐवजी वस्तूविषयी बोलू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

तात्पर्य, मधमाशांचे मेण साच्यातून नीट निघत नाही. म्हणून कुठे साचाच टाळला गेला, तर कुठे मेण वितळवून बाहेर काढले गेले. घन स्थितीत, न मोडता साच्यातून बाहेर पडणारे द्रव्य दुसरे होते. ते होते जनावरांची चरबी.

चरबी, कथील आणि उतार

गरिबांच्या घरातली बत्ती चरबीची असे. तिला धूर येई, वास येई, पण ती स्वस्त होती. वात पुन्हा पुन्हा चरबीत बुडवून ती करत. चरबीच्या बत्त्यांसाठी साचा वापरण्याचे श्रेय परंपरेने पंधराव्या शतकातील पॅरिसच्या द ब्रेझ या गृहस्थाला दिले जाते. पुढे हे साचे बहुधा कथील हा मुख्य घटक असलेल्या मिश्रधातूचे होऊ लागले. कथील गंजत नाही, सहज ओतता येते, आणि आतून घासले की आरशासारखे गुळगुळीत होते. आतली बाजू जितकी गुळगुळीत तितकी बत्ती सहज सुटते.

या साच्यांचे अतिशय स्वच्छ वर्णन मायकेल फॅरडे यांनी केले आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी त्यांनी मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली, ती १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. ज्योतीच्या रसायनशास्त्रासाठी ती आपल्याला माहीत असतात; पण पहिल्या व्याख्यानात ज्योतीकडे वळण्यापूर्वी फॅरडे साच्यांची चौकट मुलांसमोर ठेवतात. प्रत्येक नळीतून वात ओवलेली आहे, ती खाली खुंटीने आणि वर आडव्या तारेने ताणून धरली आहे. वरच्या तसराळ्यात चरबी ओतली की सगळ्या नळ्या भरतात. थंड झाल्यावर जादा चरबी काढून टाकायची, वातीची टोके कापायची आणि चौकट उलटी करून हलवायची. बत्त्या आपोआप खाली पडतात.

आपोआप का? फॅरडे दोन कारणे सांगतात. पहिले, चरबी घट्ट होताना आकसते. दुसरे, बत्ती निमुळती असते. साच्यात ती डोक्यावर उभी असते. अरुंद टोक खाली, रुंद बूड वर. निमुळत्या साच्यात बत्ती केसभर सरकली की ती चहूबाजूंनी एकदम मोकळी होते. सरळ नळीत मात्र ती शेवटपर्यंत भिंतीला घासत राहते. मधमाशांच्या मेणाला साचा चालत नाही, हेही फॅरडे तेथेच नमूद करतात.

ओतकाम करणारे आजही या निमुळतेपणाला 'उतार' किंवा 'ड्राफ्ट' म्हणतात. उतार समजावण्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. वाटीत मेण ओतले तर गोळा बाहेर येतो. खाली निमुळता होत गेलेला पेलाही चालतो. तांब्यात ओतले तर? पोट मोठे, गळा लहान; तांब्या कापल्याशिवाय मेण निघणार नाही. वाटी, पेला, तांब्या, गडू, बरणी यांपैकी साचा कोण होऊ शकेल हा प्रश्न पाचवीच्या वर्गातही विचारता येतो.

एक तपशील येथे लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे महत्त्व कळेल. फॅरडेंच्या चौकटीत साच्याचे रुंद तोंड वर आहे, आणि त्याच्याही वर तसराळ्यात जादा चरबीचा साठा आहे.

शेव्रल यांचे आम्ल आणि सोमल

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीची घडण उकलून दाखवली. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ले यांचे संयुग; त्यांतील स्टिअरिक आम्ल घट्ट, पांढरे आणि ६९ अंशांच्या आसपास वितळणारे. १८२३ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८२५ साली त्यांनी गे-ल्यूसाक यांच्यासह अशा मेणबत्त्यांचे एकस्व घेतले, पण धंदा जमला नाही. तो जमवला द मिली यांनी, १८३१ नंतर पॅरिसमध्ये. त्याच सुमारास वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या बाहेर येऊन राख होते, त्यामुळे दर थोड्या वेळाने वात कातरण्याचा त्रास संपला. इंग्लंडमध्ये १८३४ साली जोसेफ मॉर्गन यांनी साच्यातून बत्त्या दट्ट्याने वर ढकलणारे यंत्र आणले. साचा, वात आणि द्रव्य अशा तिन्ही बाजूंनी मेणबत्ती एकाच दशकात बदलली.

पण स्टिअरिक आम्लाला एक खोड होती. साच्यात ते सावकाश थंड झाले की त्याचे मोठाले, पानासारखे स्फटिक होत. बत्ती खडबडीत आणि ठिसूळ निघे, तिच्यात फटी राहत. यावर उत्पादकांनी शोधलेला उपाय भयंकर होता. वितळलेल्या आम्लात त्यांनी थोडा सोमल, म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड, मिसळला. सोमलामुळे स्फटिक बारीक राहतात, बत्ती गुळगुळीत आणि शुभ्र दिसते. आणि ती जळते तेव्हा विष खोलीच्या हवेत मिसळते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीने १८३७ साली समिती नेमून या बत्त्यांची चौकशी केली आणि हा प्रकार लोकांसमोर आणला. बत्ती जितकी सुंदर, तितका संशय अधिक, अशी वेळ आली.

सोमलाला पर्याय म्हणून दुसरे कोणते द्रव्य शोधावे लागले नाही. उत्तर तापमानात सापडले. आम्ल तापलेले असतानाच न ओतता ते ढवळत ठेवायचे. गोठणबिंदू जवळ आला की त्यात असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होऊन ते दुधासारखे गढूळ दिसू लागते. त्या क्षणी ते आधी कोमट केलेल्या साच्यांत ओतायचे. स्फटिकांची बीजे सगळीकडे विखुरलेली असल्यामुळे एकालाही मोठे व्हायला जागा मिळत नाही. थोडे दुसऱ्या प्रकारचे मेण मिसळले तरी तोच परिणाम साधतो. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. तरी साच्याचा दोष आधी विषाने झाकला गेला आणि मग ओतण्याच्या शिस्तीने सुधारला, हे मुलांना मुद्दाम सांगावे असे आहे.

मेणाच्या लगडी

आता पोलादाकडे येऊ. वितळलेले पोलाद बिडाच्या उभ्या साच्यात ओतून जो ठोकळा मिळतो त्याला लगड म्हणावे. कारखान्यात त्याला इनगट म्हणतात. पोलाद घट्ट होताना आकारमानाने तीन-चार टक्के आकसते. भिंतीलगतचे पोलाद आधी घट्ट होते, आतले नंतर. म्हणून तूट शेवटी मध्यभागी दिसते. लगडीच्या डोक्यातून खाली जाणारी नळीसारखी पोकळी तयार होते. तिला कारागीर 'पाइप' म्हणतात. ही पोकळी कापून न टाकता लगड लाटली, तर ती बुजत नाही, लांबते. रुळात किंवा आसात ती फट बनून लपून बसते आणि एके दिवशी भाराखाली तुटते. विसाव्या शतकाच्या आरंभी रूळ तुटण्याच्या घटनांनी अमेरिकेतील अभियंते चिंतेत होते.

अडचण अशी की, साच्यात काय चालले आहे हे दिसत नाही. टनभर पोलादाची लगड करवतून पाहणे खर्चाचे आणि वेळखाऊ. तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ हेन्री मॅरियन हाउ आणि त्यांचे सहकारी ब्रॅडली स्टॉटन यांनी १९०७ साली एक सोपी वाट धरली. त्यांनी मेणाच्या लगडी ओतल्या. साच्याचा आकार, ओतण्याचा वेग आणि थंड होण्याची गती बदलून पोकळी कोठे आणि केवढी पडते हे त्यांनी मेण कापून पाहिले.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी हीच वाट पुढे नेली. १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार करणारे ते हेच ब्रिअर्ली. बारा वर्षांचे असताना ते पोलादाच्या कारखान्यात कामाला लागले होते. त्यांनी आणि ए. डब्ल्यू. ब्रिअर्ली यांनी १९१८ साली लगडी आणि त्यांचे साचे या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्टिअरिन, म्हणजे मेणबत्तीचेच द्रव्य, लहान साच्यांत ओतून केलेले प्रयोग आहेत. स्टिअरिनची लगड मोडली की आतले स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. भिंतीपासून ते सरळ आत वाढत जातात. चौकोनी साच्यात दोन शेजारच्या भिंतींवरून आलेले स्फटिक कोपऱ्याच्या कर्णावर भेटतात आणि तेथे कमकुवत रेषा तयार होते. म्हणून साच्याचे कोपरे गोल असावेत. फार गरम ओतले तर हे स्फटिक लांबलचक वाढतात. गोठणबिंदूच्या जवळ ओतले तर बारीक राहतात. सोमल टाळणाऱ्या मेणबत्तीवाल्यांनी शोधलेला नियम पोलादालाही लागू पडत होता.

साचा कसा उभा करावा, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके आहे. पोलाद कारखान्यांत बहुधा रुंद तोंड खाली आणि अरुंद तोंड वर असे साचे वापरत, कारण यारीने साचा वर उचलला की लगड खाली उभी राहते. काम सोपे होते. पण अशा साच्यात वरचा अरुंद भाग लवकर घट्ट होतो आणि आत, खोलवर, अजून पातळ असलेले पोलाद कोंडले जाते. ते आकसले की भर घालायला वरून काही येऊ शकत नाही. पोकळी लगडीच्या गाभ्यात पडते. साचा उलट केला, म्हणजे रुंद तोंड वर ठेवले आणि त्यावर उष्णतारोधक विटांचे डोके बसवून तेथील पोलाद शेवटपर्यंत पातळ ठेवले, तर खालची तूट वरून भरत राहते. पोकळी डोक्यात मावते आणि डोके कापून टाकता येते. ब्रिअर्लींनी याच मांडणीचा पुरस्कार केला.

आता फॅरडेंची चौकट आठवा : रुंद तोंड वर, त्यावर जादा चरबीचा साठा. पोलाद ओतणाऱ्यांनी ज्या मांडणीसाठी पुढे वाद घातले, ती मेणबत्तीवाल्यांच्या चौकटीत आधीपासूनच होती. त्यांनी ती आकसण्याचा सिद्धांत जाणून केली असे नाही. बत्ती सुटावी आणि नळ्या पुऱ्या भराव्यात एवढाच त्यांचा हेतू होता. पण योग्य मांडणी हातात आधी येते आणि तिचे कारण नंतर कळते, असे तंत्रज्ञानात वारंवार घडते.

लगडीचा काळही आता बदलतो आहे. जालन्याच्या मोठ्या कारखान्यांत अखंड ओतकामाची यंत्रे आली आहेत. त्यांत पोलाद पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळीतून वरून खाली सतत सरकत जाते. ती नळीसुद्धा खाली किंचित निमुळती असते. येथे उतार सुटण्यासाठी दिलेला नसतो. आकसणाऱ्या पोलादाने भिंतीला चिकटून राहावे आणि उष्णता देत राहावे म्हणून दिलेला असतो. एकच उतार, दोन उलट कामांसाठी.

पॅराफिन आणि आपला उन्हाळा

आज बाजारात मिळणारी मेणबत्ती मधमाशांच्या मेणाची नसते, बहुधा चरबीचीही नसते. ती पॅराफिनची असते. हे मेण रायखेनबाख यांनी १८३० साली लाकडाच्या डांबरातून वेगळे केले. पुढे कोळसा, शेल आणि खनिज तेलातून ते विपुल मिळू लागले. १८५० च्या दशकात लंडनच्या प्राइस कंपनीने ब्रह्मदेशातील तेलापासून पॅराफिनच्या बत्त्या केल्या. १८८६ साली स्थापन झालेल्या बर्मा ऑइल कंपनीच्या रंगूनजवळील कारखान्यांतून मेण आणि मेणबत्त्या हिंदुस्थानात येत. आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ साली सुरू झाली आणि तेथील मेणही प्रसिद्ध झाले.

पॅराफिन साच्याला सोयीचे आहे. ते चिकट नसते आणि भरपूर आकसते. पण ते एकच संयुग नाही. लांबी कमीअधिक असलेल्या हायड्रोकार्बन साखळ्यांचे मिश्रण आहे. म्हणून ४७ पासून ६५ अंशांपर्यंत वेगवेगळ्या वितळणबिंदूंच्या प्रती मिळतात. कमी बिंदूच्या प्रतीची बत्ती वितळण्याच्या पुष्कळ आधीच मऊ पडते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा फडताळातली उभी मेणबत्ती मान टाकते ती यामुळेच. आपल्याकडे ५८ ते ६० अंशांची किंवा त्याहून वरची प्रत घ्यावी आणि थोडे स्टिअरिक आम्ल मिसळावे. त्याने बत्ती ताठ राहते, पांढरीशुभ्र दिसते आणि साच्यातूनही सहज सुटते. शेव्रल यांचे आम्ल आता साहाय्यकाची भूमिका करते.

साचा निवडताना

एवढा इतिहास हाताशी असला की निवड सोपी होते.

शाळांत नेहमी दिसणारा साचा ॲल्युमिनियमचा, दोन पाळ्यांचा, खिट्टीने आवळायचा. तो मधोमध उघडत असल्यामुळे त्याला लांबीच्या दिशेने उताराची गरज नसते. सरळ दांडीही निघते. मात्र बत्तीवर जोडाची शिवण राहते. ॲल्युमिनियम उष्णता मेणापेक्षा सुमारे हजारपट चांगली वाहून नेते. त्यामुळे भिंतीलगतचा थर झटकन घट्ट होतो, आकसून भिंत सोडतो आणि चकाकतो. दिवसातून अनेक वेळा साचा भरायचा असेल तर हाच घ्यावा. साचा अगदी गार असेल तर बत्तीवर आडव्या लाटा उमटतात, म्हणून पहिल्या खेपेला तो कोमट करावा. घाईने थंडगार पाण्यात बुडवला तर बत्तीला तडे जातात, आणि पाणी वातीत शिरले तर ती जळताना तडतडते.

याच घडणीचा दुसरा साचा शाळेत असतो : खडूंचा. पण प्लास्टर ऑफ पॅरिस मेणाच्या उलट वागते. ते घट्ट होताना किंचित प्रसरण पावते आणि भिंतीवर दाबते. म्हणून खडूच्या साच्याला तेलाचा हात जास्त लागतो, आणि मेणबत्तीच्या साच्याला अगदी पुसटता पुरतो. तेल जास्त झाले तर बत्तीच्या अंगावर डाग आणि बारीक खड्डे पडतात.

सिलिकॉन रबराचा साचा लवचिक असतो. तो सोलून काढता येत असल्यामुळे उताराची अट जवळजवळ संपते. गुलाबाच्या पाकळ्या, मूर्तीचे हात असे आत वळलेले भागही सुखरूप निघतात. मेण त्याला चिकटत नाही, तेलही लागत नाही. पण तो उष्णतेचा मंद वाहक आहे, जवळजवळ मेणाइतकाच. जाड भिंतीचा सिलिकॉन साचा म्हणजे बत्तीभोवती गुंडाळलेली रजईच. दिवसभरात थोड्याच खेपा होतात. नक्षीसाठी सिलिकॉन, संख्येसाठी ॲल्युमिनियम असा साधा हिशेब धरायला हरकत नाही. काचेच्या साच्याचा लोभ धरू नये. तो गुळगुळीत असतो, पण उतार नसला तर फोडावा लागतो.

साचा काम किती सोपे करू शकतो याचे उदाहरण महाबळेश्वरला आहे. दृष्टी गमावलेल्या भावेश भाटिया यांनी मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्तीकाम शिकून १९९४ साली तेथे सनराइज कँडल्स हा उद्योग सुरू केला. तेथे दृष्टिहीन कारागीर मोठ्या संख्येने काम करतात. आकार साच्यात साठवलेला असतो. साचा भरला का, बत्ती सुटली का, हे बोटांना कळते.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांचा बळी गेला. तेथे आतषबाजीची दारू होती. साध्या मेणात ती नसते. तरीही मेण हे इंधन आहे. ते थेट आचेवर तापवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, म्हणजे तापमान शंभराच्या वर जात नाही. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. झाकण घालून हवा तोडावी. आणि ठिणग्यांची किंवा फुलझडीसारखी मेणबत्ती घरी किंवा शाळेत करण्याचा विचारही करू नये.

वर्गात करण्यासारखे

पुढील तीन प्रयोगांना एक किलो मेण, दोन-तीन वाट्या, पेले आणि एक जुनी सुरी पुरते. मेण शिक्षकांनी ओतावे. मोजमापे विद्यार्थ्यांनी करावीत.

पहिला : पेल्यात काठोकाठ मेण ओतून रात्रभर ठेवावे. मधोमध खळगा पडलेला दिसेल. तो मोजमापाच्या नळीतून पाणी सोडून भरावा. पातळ पॅराफिनची घनता सुमारे ०.७७ आणि घट्ट झालेल्याची ०.९० धरली, तर १०० घनसेंटिमीटर पातळ मेणाचे ८५ ते ८६ घनसेंटिमीटर घट्ट मेण होते. ही तूट सगळी खळग्यात दिसते का? नसेल तर उरलेली कोठे गेली? गोळा उभा कापून पाहावा; आत लपलेली पोकळी सापडण्याचा संभव असतो.

दुसरा : एक निमुळता पेला सरळ, आणि तसाच दुसरा कागदी पेला तळ कापून, तोंड खाली करून पाटावर चिकटवून. दोन्हींत मेण ओतावे, गोठल्यावर कापावे आणि पोकळी कोठे आहे ते पाहावे. हा ब्रिअर्लींचा प्रयोग आहे. जालन्यातील पुष्कळ मुलांच्या घरचे कोणी ना कोणी पोलाद कारखान्यात काम करत असेल. त्यांना घरी जाऊन विचारण्यासारखा हा प्रश्न आहे.

तिसरा : दोन आणि चार सेंटिमीटर व्यासाच्या, सारख्या उंचीच्या दोन नळकांड्यांत मेण ओतून गाभा घट्ट व्हायला लागणारा वेळ मोजावा. दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. आधी घट्ट झालेला थर हाच आतल्या उष्णतेच्या वाटेतला अडसर होतो, आणि तो जाडच होत जातो. योसेफ श्टेफान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवीय समुद्रावरील बर्फाची वाढ अभ्यासताना हाच वर्गाचा नियम मांडला होता. चेकोस्लोव्हाकियाच्या निकोलस च्वोरिनॉव्ह यांनी १९४० साली धातूंच्या ओतकामासाठी तो सूत्रबद्ध केला.

खळगा टाळायचा असेल तर वरचा थर धरू लागताच वातीशेजारी सुईने दोन-तीन छिद्रे पाडावीत आणि किंचित जास्त गरम मेण दुसऱ्यांदा ओतावे. मेणबत्ती करणारी प्रत्येक गृहिणी हे जाणते. धातुशास्त्रज्ञ याला लगडीला भर देणे म्हणतो.

आपल्या वेळापत्रकात कार्यानुभव आणि विज्ञान हे दोन वेगळे तास आहेत. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला तो हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये म्हणून. पुष्कळ शाळांत मात्र मेणबत्त्या शुक्रवारी होतात आणि आकुंचन-प्रसरण मंगळवारी. हे दोन तास एकदा जोडून घ्यावेत. साचा उघडण्यापूर्वी मुलांना विचारावे, खळगा कोठे असेल? त्यांचे उत्तर फळ्यावर लिहावे, आणि मगच खिट्टी काढावी.